एसएसडी मंदावली? आधी जागा बघा

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. १ टीबीच्या एसएसडीवर (चिपवाल्या ड्राइव्हवर) शंभर जीबीचं फुटेज टाकलं की सुरुवातीला वेग मस्त, मग धाडकन खाली. ड्राइव्ह खराब निघाली का? (पंचवटी)

बहुधा नाही. किती भरली आहे, ते सांगितलं नाहीत. पण नव्वद टक्क्यांच्या वर असणार, असा माझा अंदाज. स्वस्त एसएसडीत एकेका सेलमध्ये, म्हणजे साठवणीच्या सूक्ष्म कप्प्यात, तीन किंवा चार बिट कोंबलेले असतात आणि असं लिहायला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह काही रिकाम्या सेलमध्ये तात्पुरता एकेकच बिट लिहून मोकळी होते आणि नंतर सवडीने आवरते. टोमॅटोच्या हंगामातलं पिंपळगावचं मार्केट आठवा. आवारात जागा आहे तोवर गाडी आली की लागली. भरलं की रस्त्यावर रांग. तुमचं शंभर जीबीचं फुटेज म्हणजे ती रांग. पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी ठेवा. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडला की ते काम साध्या हार्ड डिस्कवर हलवा, आणि दोन प्रती ठेवा.

दर महिन्याला डीफ्रॅग करावं का? (सिडको)

नको. डीफ्रॅग म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं. एसएसडीत हार्ड डिस्कसारखी फिरणारी तबकडीच नाही, त्यामुळे ते करून हाती काही लागत नाही. उगाच लिहिणं वाढतं. विंडोज १० आणि ११ मधलं 'ऑप्टिमाइझ' मात्र चालू राहू द्या. एसएसडी ओळखून ते ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवतं. त्यामुळेच चुकून पुसलेला फोटो एसएसडीवरून सहसा परत मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दहा वर्षांच्या लॅपटॉपला ३५०० एमबी वेगाची एनव्हीएमई घेऊ? (नाशिकरोड)

एनव्हीएमई म्हणजे वेगवान जोडणीची एसएसडी, साटा म्हणजे जुनी, हळू जोडणी. आधी मागचं झाकण उघडून बघा. आत अडीच इंची साटाचीच जागा असेल, तर एनव्हीएमई बसणारच नाही. एम.२ खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) दिसली तरी हुरळू नका, काही खाचा फक्त साटाच चालवतात. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर अडतो. पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला तोही स्वर्गच वाटतो.

एप्रिल-मेमध्ये पीसीतली एनव्हीएमई फार तापते आणि हळू होते. (सातपूर)

तापली की ती स्वतःहूनच वेग कमी करते. कॅबिनेटमधली धूळ काढा, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लावा. आणि लावताना तिच्या पॅडवरची पातळ प्लास्टिकची फिल्म सोलून काढा. मी विसरलो होतो. आठवडाभर पंख्यांना शिव्या घालत बसलो.