विकास आराखडा लिहिण्याआधी ३६० अंशाचा अहवाल कोण वाचणार ते विचारा

तुम्ही लिहिलंत की टीम लीड होऊन वर्ष झालंय, कंपनीने तुमच्या स्वतःच्या प्रगतीचा पाच वर्षांचा विकास आराखडा मागितलाय, सोबत क्षमतांची लांबलचक यादी असलेला फॉर्म आणि महिन्याभरात ३६० अंश फीडबॅक, म्हणजे वरिष्ठ, सहकारी, हाताखालचे अशा सगळ्या गटांकडून तुमच्याबद्दल घेतलेलं मत. तुमची पोस्ट ओळखीची वाटली, हे सगळं माझ्याही वाट्याला आलंय. ध्येय मोजता येण्याजोगं असावं वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडतो.

आधी फीडबॅकचं बघा. 'हे फक्त विकासासाठी आहे' असं सांगितलं जातं. आमच्या एचआरनेही (नाव नको) तेच सांगितलं आणि तोच अहवाल पगारवाढीच्या बैठकीत काढला. त्या वर्षीचं रेटिंग गेलं ते एकवेळ सोडा. पुढच्या फेरीपासून सगळ्यांनी सगळ्यांना पाचपैकी चार द्यायला सुरुवात केली. खरं सांगणारं कुणी उरलं नाही, आणि त्याशिवाय आराखडा कशावर बेतणार? याचा राग मला अजून आहे.

म्हणून तीन गोष्टी ईमेलवर विचारून घ्या: अहवाल कोणकोण पाहणार, तो मूल्यमापनात वापरणार का, आणि एका गटातून किमान किती उत्तरं आल्याशिवाय त्या गटाचे गुण वेगळे दाखवणार नाहीत. तीनपेक्षा कमी असतील तर कोण काय बोललं ते सहज ओळखू येतं. उत्तर गुळमुळीत आलं, तर पगारवाढीच्या बैठकीत वाचलं गेलं तरी चालेल एवढंच फॉर्ममध्ये लिहा. खरा आराखडा वेगळ्या कागदावर ठेवा.

खरा फीडबॅक चार-पाच जणांकडून तोंडी मिळतो. पण 'लीड म्हणून मी कसा वाटतो?' असं विचारलंत तर 'छान' एवढंच ऐकायला मिळेल. 'मंगळवारच्या आढाव्यात मी कुणाचं बोलणं मध्येच तोडलं का, आणि त्यानंतर काय झालं?' असं विचारा. म्हणजे आधी प्रसंग, मग तुमचं वर्तन, मग त्याचा परिणाम. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी घसरलेली दिसली. त्यांच्या मते लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे गेलं की असं होतं.

आता आराखडा. पाच वर्षांसाठी दिशा सांगणाऱ्या दोन-तीन ओळी पुरतात. तपशील फक्त पुढच्या बारा महिन्यांचा, आणि त्यातही दोनच गोष्टी. '७०-२०-१०' तुम्हाला ऐकवलं जाईलच: माणूस सत्तर टक्के कामातून शिकतो, वीस माणसांकडून, दहा प्रशिक्षणातून. त्याचं मूळ 'सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप' या नेतृत्वावर काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या १९८०च्या दशकातल्या संशोधनात आहे आणि ते अधिकाऱ्यांनी सांगितलेल्या अनुभवांवर उभं आहे, त्यामुळे आकडे काटेकोर धरू नका. रोख मात्र बरोबर आहे. 'नेतृत्वकौशल्य वाढवणे – कार्यशाळा' ही ओळ निरुपयोगी. त्याऐवजी असं लिहा: 'एप्रिल ते सप्टेंबर, दोन विभागांत अडकलेलं हस्तांतर माझ्याकडे, वेळापत्रक बदलण्याचा अधिकार माझा, दर पंधरवड्याला वरिष्ठांबरोबर अर्धा तास, मासिक अहवाल आता टीममधल्या दुसऱ्याकडे.'

यातला शेवटचा तुकडा, म्हणजे हातातलं काम दुसऱ्याकडे देणं, बहुतेक जण गाळतात. रोजच्या कामाला डेडलाइन असते, शिकण्याला नसते. हातातलं काही सोडलं नाही तर नवीन जबाबदारी तिसऱ्या महिन्यातच मागे पडते. काम सोपवतानाही टप्पे ठेवा: पहिल्यांदा तुमच्यासमोर, दुसऱ्यांदा पाठवण्याआधी तुम्ही बघायचं, तिसऱ्यांदा पाठवल्यावर. पहिल्या चुकीला काम परत ओढून घेतलंत तर ते कायमचं तुमच्याच टेबलावर येणार.

जाता जाता, व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांची एक सवय उचलण्यासारखी आहे. महत्त्वाचा निर्णय घेताना काय घडेल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. आपण कुठे सतत चुकीचा अंदाज बांधतो ते यातून जितकं स्वच्छ दिसतं, तितकं कुठल्याही व्यक्तिमत्त्व चाचणीतून दिसत नाही, असं माझं स्पष्ट मत.

मी एचआरमधला नाही, आणि जिथे बढत्या ज्येष्ठतेनेच होतात तिथे यातलं बरंचसं लागू पडणार नाही. पण एक गोष्ट सगळीकडे करा: बॉसने कबूल केलेलं काम, अधिकार आणि तारीख त्याच दिवशी त्यांना मेल करून ठेवा. बॉस बदलले की तोंडी शब्द त्यांच्याबरोबरच जातो. नवीन आले की पहिल्या पंधरवड्यातच तो मेल पुढे पाठवून अर्ध्या तासाची वेळ मागा.