पासपोर्ट ताकदवान असला म्हणजे तो देश राहायला आणि गुंतवणुकीलाही चांगला असतो का?

नाही, तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. हेन्ली पासपोर्ट इंडेक्स फक्त एवढंच बघतो, की २२७ ठिकाणांपैकी किती ठिकाणी आधी व्हिसा न काढता जाता येतं. राहणीमानासाठी संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक बघा. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न धरतात. गुंतवणुकीचं जरा अवघड आहे. कोणत्या देशात व्यवसाय करणं किती सोपं आहे हे सांगणारी जागतिक बँकेची ‘डूइंग बिझनेस’ क्रमवारी २०२१ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या क्रमांकांवर विसंबू नका. करार मोडला तर निकाल किती वर्षांत लागतो, नफा देशाबाहेर नेता येतो का, हे आधी विचारा. मात्र पासपोर्टचा फायदा नागरिकालाच मिळतो. संयुक्त अरब अमिरातीचा पासपोर्ट भक्कम आहे, पण तिथे गोल्डन व्हिसावर, म्हणजे दीर्घकाळ राहण्याच्या परवान्यावर, राहणाऱ्याकडे मूळ देशाचाच पासपोर्ट असतो.