छेड काढणारा एक, हसणारे चार

"मॅडम, पोरीचं कॉलेज बंद केलं तर हा त्रास थांबेल काय हो?" समुपदेशनाला आलेल्या, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी सोळा वर्षांची, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला), रोज बसनं बेळगावला जाणारी. गावातलाच सतरा वर्षांचा मुलगा स्टँडपासून मागे यायचा, मित्रांच्या फोनवरून घाणेरडे मेसेज करायचा. भावकीचा तोडगा तयार होता: राखी बांधून मिटवा.

राखीनं असलं काही मिटत नाही. नकार ऐकायची जबाबदारी मुलाची. तीच मुलीच्या गळ्यात घालायची, वर ताट घेऊन तिलाच त्याच्यासमोर उभं करायचं! आणि कॉलेज सुटलं की घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं.

मुलीशी एकटीशी बोलल्यावर तिला वही ठेवायला सांगितलं: तारीख, वेळ, कोणती बस, नेमके शब्द, जवळ कोण होतं. मेसेज रागानं पुसायचे नाहीत. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि वेळ दिसायला हवी. वहीतून कळलं, तो एकटा असला की गप्प असतो. नंबर मिळवून देणारा, सीट अडवणारा, शिट्टी मारणारा, सगळे वेगळे.

म्हणून कॉलेजात मुलांचे गट केले. एका गटात वीस-पंचवीस जण, चाळीस मिनिटांचा तास, चार आठवडे. या मुलीचा उल्लेख कुठंच नाही. प्रसंग एवढाच: "मित्र तिचा नंबर मागतोय, काय म्हणशील?" बहुतेक जण "समजावून सांगू" म्हणतात. ते पुरत नाही. "देणार नाही, तिनं नको म्हटलंय" हे वाक्य प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घ्यावं लागतं; पहिल्यांदा सगळे हसतात. नाव न घालता चिठ्ठी टाकायची पेटी ठेवली की खरे प्रश्न येतात. अख्खं कॉलेज हॉलमध्ये बसवून एकदाच भाषण दिलं, तर ते मुलींच्या कपड्यांवर घसरतं आणि मुलं मागं बसून मोबाईल बघतात.

तक्रारीचं आईला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. अठराखालच्या मुलीचा लैंगिक हेतूनं वारंवार पाठलाग पोक्सो कायद्यात (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा, 2012) गुन्हा आहे, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं समुपदेशकालाही बंधनकारक. मुलीचा जबाब घरी किंवा ती सांगेल तिथं, गणवेश नसलेल्या अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. जबाब कन्नडमध्ये लिहिला जात असेल तर दुभाषी मागावा, मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. मुलगा अठराखालचा असल्यानं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. घाबरायला झालं तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

मित्रांच्या फोनवरून येणारे मेसेज आधी थांबले. मुलगी त्याच बसनं जाते. वही अजून चालू आहे.