मसाला ऑनलाइन विकायला काढण्याआधी
अगं, तुझ्या मसाल्याची चव उत्तमच आहे, पण पहिलं पाकीट कुरियरला देण्याआधी कागदपत्रं पूर्ण कर. पदार्थ घरच्या ओट्यावर केला तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर छाप.

बहुतेक जण चुकतात ते जीएसटीत. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे हे खरं, पण ती राज्यातल्या राज्यात. कोल्हापूरहून बेळगावला एक किलो कांदा-लसूण मसाला विकलास, तरी नोंदणी बंधनकारक होते. मला हे फार उशिरा कळलं आणि मागचा हिशेब निस्तरताना नाकी नऊ आले. म्हणून धंद्याचं बँक खातं आजच वेगळं काढ, घरखर्चात मिसळू नकोस.

लेबलवर घटक, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख, पत्ता आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण हवी. मी तारीख पेनाने लिहायचे, तेलकट हाताने ती पुसली जायची. सरळ शिक्का करून घे.

नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहून घेऊ नकोस, ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. आणि ‘मधुमेहावर गुणकारी’ असलं काही तर मुळीच छापू नकोस. कायद्याने बंदी आहेच, पण एखादी आजी ते वाचून गोळ्या बंद करेल गं.