बाळाचे पाय वळलेले आहेत? आधी एवढंच करा

ताई, आधी एक ऐका: यात तुमची काही चूक नाही. ग्रहण पाळलं नाही म्हणून क्लबफूट (जन्मतःच आत वळलेला पाय) होत नाही. कुणी म्हणालंच तर सरळ दुर्लक्ष करा.

मालीश करून पाय सरळ होईल म्हणून थांबू नका. पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू करा. पैशांची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा; क्लबफूट त्यात येतो. क्युअर इंडियासारख्या संस्थाही सरकारी रुग्णालयांतून मोफत उपचार करतात. 'पॉन्सेटी पद्धतीनं करता ना?' हे मात्र विचारा.

या पद्धतीत दर आठवड्याला पाय थोडा थोडा सरळ करत नवं प्लास्टर, साधारण पाच ते सात वेळा. मग बहुतेक बाळांच्या टाचेमागच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, रक्तवाहिनीला नव्हे) छोटासा छेद देतात. त्याला घाबरू नका. प्लास्टर असताना बोटांवर लक्ष ठेवा: नख दाबून सोडलं की पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी पडली, सुजली किंवा आत सरकली तर लगेच दवाखाना गाठा.

प्लास्टर संपल्यावर खरी कसोटी बुटांची. मधल्या पट्टीला जोडलेले हे खास बूट पहिले तीन महिने रोज २३ तास, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाय सरळ दिसला की घरचे म्हणतात, 'आता कशाला छळता लेकराला?' ज्यांचं बिघडतं, त्यांचं बहुतेकदा इथेच, आणि पाय पुन्हा वळतो. सुरुवातीच्या रात्री बाळ रडेल. पातळ सुती मोजे घाला, टाच खाली नीट टेकलीय ना बघा, पण बूट काढू नका.

पुढचं पुढे बघू. आधी पहिली तारीख घ्या.