वाचक विचारतात : कूलर, बर्फ आणि कुकरची शिट्टी

प्रश्न : आम्ही अकोल्याहून मुंबईला राहायला आलो आणि येताना कूलर बरोबर आणला. अकोल्याच्या मे महिन्यात जो कूलर दुपार सुसह्य करत असे, तोच इथे चालू केला की अंग चिकट होते. इथले तापमान तर अकोल्याहून कितीतरी कमी असते. कूलर बिघडला आहे का?

उत्तर : कूलर बहुधा ठणठणीत असावा. त्याचे काम हवेच्या तापमानापेक्षा तिच्या कोरडेपणावर अधिक अवलंबून असते, आणि तो कोरडेपणा मुंबईत नाही.

एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून हवा खेचली जाते, तेव्हा पाणी ही उष्णता त्या हवेतूनच घेते. म्हणजे तासाला पाच लिटर पाणी उडवणारा कूलर साधारण 3,400 वॅट दराने उष्णता शोषतो, आणि एक टनाच्या वातानुकूलन यंत्राची क्षमताही जवळपास तेवढीच असते. फरक असा की वातानुकूलन यंत्र उष्णता घराबाहेर नेऊन टाकते, तर कूलर ती वाफेच्या रूपात त्याच हवेत ठेवतो. त्यामुळे हवा जितकी थंड होते तितकीच दमटही होते.

या थंडाव्याला एक मर्यादा आहे. साध्या तापमापीच्या फुग्याभोवती ओले सुती कापड गुंडाळून ती पंख्याच्या झोतात धरली (ताप मोजायची तापमापी यासाठी चालणार नाही) तर पारा उतरत जाऊन एका ठिकाणी थांबतो. त्या तापमानाच्या खाली कोणताही साधा कूलर हवेला नेऊ शकत नाही. समजा, अकोल्यात दुपारी 44 अंश सेल्सिअस तापमान आणि 15 टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. तर ही मर्यादा सुमारे 23 अंशांवर येते. मुंबईत 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता धरली तर ती 28 अंशांच्याही थोडी वर राहते. चांगल्या ताट्यांचा कूलर या मर्यादेपर्यंतच्या अंतरापैकी सुमारे 80 टक्के अंतर कापतो असे मानले, तर अकोल्यात 44 अंशांची हवा 27 अंशांवर उतरते, मुंबईत मात्र 34 अंशांची हवा कशीबशी साडेएकोणतीस अंशांपर्यंत येते. बाहेर दहा अंशांनी अधिक तापलेल्या अकोल्यातच कूलरचा झोत अधिक थंड असतो, तो यामुळे.

चिकटपणाचे उत्तरही याच हिशेबात आहे. अकोल्यात कूलरमधून येणाऱ्या हवेची आर्द्रता सुमारे 70 टक्के असते, त्यामुळे घाम वाळायला तिच्यात अजून जागा उरते. मुंबईत तीच आर्द्रता 90 टक्क्यांच्या पलीकडे जाते आणि घाम अंगावर तसाच राहतो. मुंबईतल्या माठातले पाणी विदर्भातल्या माठाइतके गार होत नाही, याचेही कारण हेच. तेव्हा मुंबईत कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवणे अधिक सुखाचे होईल, आणि कूलर अकोल्याच्या एखाद्या नातेवाइकाला देणे त्याहून शहाणपणाचे.

तो ज्यांच्याकडे जाईल त्यांच्यासाठी एक सूचना. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावण्याची सवय अनेक घरांत दिसते. वातानुकूलन यंत्राचा नियम कूलरला लावल्याचा हा परिणाम असावा. कूलरची पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे हवी आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी, कारण जितकी हवा आत येते तितकी बाहेर गेली नाही, तर ओलावा खोलीतच साठत जातो आणि अकोल्यातल्या खोलीतही मुंबईसारखा दमटपणा तयार होतो.

प्रश्न : कूलरच्या टाकीत बर्फ टाकल्याने फायदा होतो का?

उत्तर : होतो, पण एक किलो बर्फामागे जेमतेम दोन मिनिटांचा. तेवढा बर्फ वितळून त्याचे पाणी 23 अंशांवर येईपर्यंत सुमारे 430 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. वर सांगितलेला कूलर केवळ बाष्पीभवनाने इतकी उष्णता दोन मिनिटांत शोषतो. शिवाय तो बर्फ घरच्याच फ्रिजमध्ये केला असेल, तर फ्रिजने तो गोठवताना त्याहून अधिक उष्णता आधीच घरात सोडलेली असते. त्यापेक्षा ताट्यांवर साचलेले क्षार धुऊन काढावेत आणि पाणी सगळीकडे सारखे झिरपते आहे ना, हे पाहावे.

प्रश्न : सासूबाई मोठ्या गॅसवर तीन शिट्ट्या करतात आणि मी बारीक गॅसवर तीनच करते, तरी डाळ माझीच मऊ शिजते. असे का? आम्हाला काही महिन्यांसाठी लेहला जायचे आहे. तिथे शिट्ट्या वाढवाव्या लागतील का?

उत्तर : डाळ किती शिजली हे ठरते तिला मिळालेल्या तापमानावर आणि वेळावर. शिट्ट्यांची संख्या या दोहोंपैकी काहीच सांगत नाही.

झाकणावरची शिटी म्हणजे छिद्रावर ठेवलेले एक वजन. छिद्राचा व्यास तीन मिलिमीटर धरला, तर 70 ग्रॅमचे वजन दर चौरस सेंटिमीटरला एक किलो इतका जादा दाब होईपर्यंत वाफ अडवून धरते. या दाबाला पाणी सुमारे 120 अंशांवर उकळते. दाब वाढला की वजन उचलले जाते, वाफ सुटते, दाब किंचित उतरतो आणि वजन पुन्हा खाली बसते. म्हणजे पहिल्या शिट्टीनंतर आतले तापमान त्या वजनाने ठरवून दिलेले असते. गॅस कितीही मोठा केला तरी ते वाढत नाही, फक्त वाफ अधिक वाया जाते आणि शिट्ट्या भराभर होतात. मोठ्या गॅसवरच्या तीन शिट्ट्या काही मिनिटांत आटोपतात, आणि बारीक गॅसवर त्यांनाच बराच अधिक वेळ लागत असल्याने तुमची डाळ 120 अंशांजवळ अधिक काळ राहते. पहिली शिट्टी मोठ्या गॅसवर होऊ द्यावी, कारण तिच्याबरोबर आत अडकलेली हवाही बाहेर पडते (हवा आत राहिली तर दाबाचा काही वाटा तिचा असतो आणि तेवढ्याच दाबाला तापमान कमी मिळते). त्यानंतर गॅस बारीक करून घड्याळ पाहावे. दनी पापँ यांनी 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला असे भांडे दाखवले होते. त्यांच्या पाककृतींत शिट्ट्या नक्कीच नव्हत्या.

आता लेह. साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो आणि उघड्या पातेल्यातले पाणी सुमारे 88 अंशांवरच उकळते. शिटीचे वजन मात्र बाहेरच्या दाबात आपली ठरलेलीच भर घालते, त्यामुळे कुकरमध्ये तिथेही 114 अंशांच्या आसपास तापमान मिळते. पातेल्याचे नुकसान बारा अंशांचे, कुकरचे फक्त सहा. दर दहा अंशांमागे शिजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो असे धरले, तर लेहमध्ये कुकरमधल्या डाळीला मुंबईच्या दीडपट वेळ द्यावा लागेल. उघड्या पातेल्यात तोच वेळ सव्वादोन पटींहून अधिक होतो, तेव्हा सामानात कुकर आणि त्याची एक जादा रबरी रिंग अवश्य ठेवा.