ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला पाच दिवस मुक्काम ठेवून उलुरू आणि आसपासचं बघता येईल का?

आसपासचं येईल. उलुरू, म्हणजे तो प्रचंड लाल खडक, आसपास नाही! रस्त्याने साधारण 450 किमी, एका बाजूचे पाच तास.

आमच्या साडूंचंही तुमच्यासारखंच मत होतं. "सकाळी निघू, रात्री जेवायला परत." उलुरूजवळच्या युलारा गावात एक रात्र काढू म्हणून मी मेलबर्नपासून कानीकपाळी ओरडत होतो, पण तिथली हॉटेलं महाग म्हणे. निघालो. वाटेतल्या एर्ल्डन्डा थांब्यावर पेट्रोल भरून उजवीकडे वळलो. बऱ्याच वेळाने डावीकडे सपाट माथ्याचा लाल डोंगर दिसला. साडूंनी गाडी थांबवली, सगळ्यांना उभं करून फोटो काढले आणि खाली 'उलुरू' लिहून घरच्या ग्रुपसाठी तयार ठेवले. तो माउंट कॉनर. उलुरू अजून शंभरेक किलोमीटर पुढे. मी बोललो नाही. पुढे रेंज आली आणि फोटो सांगलीला गेले.

खऱ्या उलुरूपाशी पोचेपर्यंत परतायची घाई सुरू झालेली. लोक ज्या सूर्यास्तासाठी जगभरातून येतात, तो आम्ही गाडीच्या आरशात पाहिला. अंधारात रस्त्यावर कांगारू आणि मोकाट गुरं येतात, शिवाय भाड्याच्या गाडीच्या करारात रात्री चालवायची नाही असं स्पष्ट लिहिलेलं. शेवटी एर्ल्डन्डालाच खोल्या घ्याव्या लागल्या. वाचले किती, ते साडूंनी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना ॲलिसजवळच्या पश्चिम मॅक्डॉनेल डोंगररांगेत नेलं. डांबरी रस्ता. स्टँडली कॅझम या अरुंद घळीत भर दुपारीच जा, तेव्हाच दोन्ही बाजूंचे कडे पेटल्यासारखे दिसतात. एलरी क्रीकचं पाणी बर्फासारखं, तरी पोरं बाहेर येईनात. ऑर्मिस्टन गॉर्ज ही दरी ॲलिसपासून 135 किमीवर, तिथे साडू चक्क म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलंस?"

तेव्हा तीन दिवस ॲलिस, दोन युलारा. परतीचं विमान युलाराहूनच पकडा. 1872 चं तारघर ॲलिस गावालगतच आहे, एक सकाळ पुरते. आणि हो, उलुरूवर चढायचा विचार असेल तर ऑक्टोबर 2019 पासून ते बंद आहे, आणि बंद आहे तेच बरं. डिसेंबर-जानेवारीत मात्र यातलं काहीच करू नका, पारा चाळिशी ओलांडतो. जुलैत रात्री शून्याखाली जातात, स्वेटर न्या. किंग्ज कॅन्यन या दरीला ॲलिसहून मेरीनी मार्गाने जाणार असाल तर तो कच्चा आहे, परवाना लागतो, आणि भाड्याच्या साध्या गाडीचा विमा तिथे बहुधा चालत नाही.